न मानणाऱ्यांची पालखी

दि. बा. मोकाशींचं ‘पालखी’ लोक भक्तीचं पुस्तक म्हणून भेट देतात. मला ते वेगळ्याच कारणासाठी मोलाचं वाटतं. ज्याची श्रद्धा डळमळीत आहे, त्याने श्रद्धाळूंमध्ये वावरायचं कसं, हे मला त्यात सापडलं.

मोकाशी १९६१ साली आळंदीहून पंढरपूरला चालत गेले. (त्याच दिवसांत, १२ जुलैला, मागे पुण्यात पानशेतचं पाणी घुसलं.) पुस्तक १९६४ साली आलं. पोटासाठी ते रेडिओ दुरुस्त करायचे. माझं पोट सॉफ्टवेअरवर, त्यामुळे इथे थोडा पक्षपात समजा. पण दुरुस्ती करणारा माणूस खोका उघडण्याआधी खरखर नीट ऐकून घेतो. मोकाशी वारकऱ्यांना तसंच ऐकतात. देव आहे की नाही, हा त्यांचा प्रश्नच नसतो. समोरचा का चालतोय, याचं त्यांना कुतूहल असतं. आपल्याला ते का जमत नाही, ही रुखरुखही ते लपवत नाहीत.

तरी एका जागी हे पुस्तक मला अपुरं पडतं, आणि तिथे इरावती कर्वे लागतात. ‘परिपूर्ती’तला त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख आधीचा. दिंडीत ब्राह्मण आणि मराठे चालतात एकत्र, गातात एकत्र, जेवतात मात्र वेगळे. बाईंना हे रोज खुपतं आणि त्या ते लिहितात. त्या चालल्या, रमल्या, लोकांवर जीव लावला, आणि तरीही पंगतीबद्दल गप्प बसल्या नाहीत. मोकाशींचा स्वभाव बघणाऱ्याचा. त्यांच्याकडे अशी धार क्वचितच येते.

मी विश्रांतवाडीत राहतो. माउलींची पालखी दिघीकडून येऊन आमच्या भागातूनच पुण्यात जाते. आईच्या गळ्यात माळ आहे. मी देव मानत नाही हे तिला ठाऊक आहे आणि त्यावरून घरात भांडण नाही. दोन वर्षांपूर्वी सोसायटीने वारकऱ्यांसाठी चहा-पोहे ठेवले होते. वारकऱ्यांना टेबलावर आग्रहाने वाढत होते. झाडलोट करणाऱ्या मावशींना मात्र जिन्याखाली, वेगळ्या कपात चहा. मी विचारलं तर एक काका म्हणाले, “तू मानत नाहीस ना? मग तुला काय करायचंय?”

या प्रश्नाचा फास असा, की त्यात न मानणाऱ्याचा आदर म्हणजे त्याचं मौन असं आधीच ठरलेलं असतं. कर्वे तो फास मानत नाहीत. एकत्र जेवा, हे त्या परकी बाब म्हणून सांगत नाहीत. संतांनी जे म्हटलं आणि दिंडीत जे रोज गातात, त्याचीच आठवण देतात. माझ्या मते हाच जास्त मोठा आदर, कारण यात समोरच्याची श्रद्धा त्याच्याइतकीच गांभीर्याने घेतलेली असते. नुसतं ‘ज्याचं त्याचं’ म्हणणं सोपं असतं, आणि आमच्यासारखे इंजिनिअर त्यात फार लवकर शिरतात.

पण नुसत्या कर्वेही पुरत नाहीत. आधी मैलोगणती बरोबर चालल्याशिवाय तो हक्क येत नाही, आणि चालताना ऐकायचं कसं हे मोकाशींकडूनच शिकावं लागतं. काकांना मी उत्तर दिलं नाही. आई उठली आणि स्टीलच्या कपांचा ट्रे घेऊन जिन्याकडे गेली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.