ॲड्रेस बारमधला शॉर्टकट आणि माझा खोटा 'रिसर्च गॅप'

पीएचडीची तयारी सुरू केली की कोणीतरी सीनियर ही युक्ती दाखवतोच. ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये 'एससी' टाईप करायचं, टॅब दाबायचा, विषय लिहायचा आणि एंटर. गुगल स्कॉलरचं पान न उघडता थेट निकाल समोर. मलाही अशीच कोणीतरी दाखवली आणि मी पुढे बऱ्याच जणांना शिकवली. त्यातल्या कोणी हे वाचत असेल तर आधी सॉरी म्हणते.

युक्ती काय आहे ते नीट समजून घ्या, म्हणजे तिची खोटही कळेल. तुम्ही एखाद्या साइटवर काही शोधता तेव्हा तुमचा शब्द बहुतेक वेळा त्या पानाच्या पत्त्यातच जाऊन बसतो. तो पत्ता कॉपी करायचा, आपल्या शब्दाच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी लहान 'एस' लिहायचा, आणि क्रोमच्या सेटिंगमध्ये 'साइट सर्च'खाली एखादं छोटं नाव देऊन ठेवायचा. फायरफॉक्समध्ये बुकमार्कला 'कीवर्ड' देऊन हेच होतं. पुढे ते नाव आणि नवा शब्द टाईप केला की ब्राउझर 'एस'च्या जागी तो शब्द बसवतो. बस, एवढंच. यात हुशारी कसलीच नाही, रिकाम्या जागा भरा आहे.

आणि गोम तिथेच आहे. रिकामी जागा एकच, बाकीचा पत्ता जसाच्या तसा.

मी माझा स्कॉलरचा शॉर्टकट बनवला त्या दिवशी डावीकडचा '२०१९ पासून' हा फिल्टर लावलेला होता. त्याने पत्त्यात 'एएस_वायएलओ=२०१९' असा तुकडा घातला होता. मी पत्ता न वाचता कॉपी केला. पुढे कित्येक महिने मी जे जे शोधलं ते सगळं २०१९ नंतरचंच दिसत राहिलं. माझा विषय येलदरी जलाशयातले मासे. निकालाच्या पानावर फिल्टर लागल्याची खूण असते, पण सवयीने तिकडे बघतं कोण? नजर थेट पहिल्या निकालावर जाते. सिनॉप्सिसमध्ये मी ठणकावून लिहिलं की या जलाशयावर फारसं काम झालेलं नाही. एका सरांनी काही न बोलता कपाटातून जुने रीप्रिंट काढून टेबलावर ठेवले. तेव्हाचं माझं तोंड बघायला हवं होतं!

म्हणजे चूक माझीच होती. पण हत्यार असं आहे की ही चूक ते दाखवत नाही, झाकतं. शोधाच्या पानावर जाऊन शब्द भरताना वर्ष, भाषा, विद्यापीठ असे रकाने डोळ्यांसमोर असतात. आपण ते भरले नाहीत हे तरी कळतं. शॉर्टकट ते पानच वगळतो. वेळ वाचतो तो नेमका विचार करायच्या जागेवरचा.

आपल्या भागात तर हे जास्तच महागात पडतं. परभणीच्या कॉलेजांमधलं काम एका नावाखाली सापडतच नाही. १९९४ पर्यंत ही कॉलेजं औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाकडे होती. त्याच वर्षी त्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू होऊन परभणी तिकडे गेली. १९७२ चं मराठवाडा कृषी विद्यापीठ २०१३ मध्ये 'वसंतराव नाईक' झालं. कृषीचे प्रबंध बघायचे तर शोधगंगेइतकंच कृषिकोशही बघावं लागतं. हिंगोली जिल्हा १९९९ ला वेगळा झाला, त्यामुळे पूर्णेवरच्या दोन धरणांपैकी येलदरी आज परभणीत आणि सिद्धेश्वर हिंगोलीत. जुन्या कामात मात्र दोन्ही परभणीतच. वर येलदरीचं इंग्रजी स्पेलिंग कोणी 'एच' घालून लिहितं, कोणी न घालता. माशांची शास्त्रीय नावंही बदलतात, जुन्या यादीतला 'पुंटियस सराना' आता 'सिस्टोमस सराना' आहे. एवढ्या गुंत्यात एक शब्द टाकून एंटर मारायचा आणि शून्य निकाल आले की 'गॅप सापडला' म्हणायचं? हे मी केलंय म्हणून सांगते.

मग शॉर्टकट टाकूनच द्यावेत का? नाही हो. जे आहे हे आपल्याला माहीत आहे, तिथे पटकन पोहोचायला यासारखं काही नाही. मराठी विकिपीडिया, एखादा शब्दकोश, हाताशी शीर्षक असलेला एखादा पेपर, यांच्यासाठी मी रोज वापरते. (मराठीसाठी शॉर्टकटचं नावही देवनागरीत ठेवा, उदाहरणार्थ 'वि'. नाहीतर इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना इंग्रजी 'डब्ल्यू' दाबलं की नुसती ऐकाराची मात्रा उमटते आणि दर वेळी कीबोर्ड बदलत बसावं लागतं.) फोनवरच्या क्रोममध्ये मात्र असे शॉर्टकट स्वतः घालता येत नाहीत. आपल्यातले निम्मे जण फोनवरच वाचतात, तेव्हा या युक्तीचं जेवढं कौतुक होतं तेवढी ती सगळ्यांच्या हातात नाही, हेही लक्षात घ्या.

लिटरेचर सर्च ही मात्र वेगळी गोष्ट. तिथे आपल्याला माहीत नसलेलं शोधायचं असतं. त्यासाठी मी आता ॲडव्हान्स्ड सर्चचं पान उघडते, नावाची सगळी रूपं एका वहीत लिहून एकेक टाकते आणि कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दाला किती निकाल आले ते पुढे नोंदवते. कंटाळवाणं आहे. पण व्हायवामध्ये 'तुम्ही शोधलं कसं?' असं विचारलं तर दाखवायला ती वही आहे.

आणि तुमच्याकडे आधीच केलेले शॉर्टकट असतील तर आज एवढं करा. सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येकाचा पत्ता डावीकडून उजवीकडे वाचा. त्यात एखादं वर्ष दिसलं, किंवा तुम्ही न घातलेला एखादा शब्द दिसला, तर तो तुकडा काढा. मग जो आहे याची तुम्हाला खात्री आहे असा एक जुना पेपर त्या शॉर्टकटने शोधून बघा. माझ्याकडे यासाठी सरांच्या कपाटातला तोच रीप्रिंट आहे. साइटचा पत्ता बदलला असेल तरी इथेच कळतं. तो पेपर आला नाही, तर त्या शॉर्टकटने आजवर शोधलेलं सगळं पुन्हा शोधावं लागेल. मला तीन आठवडे लागले.