उठावं केव्हा?

आमच्या विरार लोकलच्या ग्रुपांत एक रीत आहे: बसून आलेल्यानं अंधेरीला उठावं, उभ्याला जागा द्यावी. ही रीत सचिन तेंडुलकरला कोण सांगणार? नव्याण्णवावं शतक मार्च २०११ मध्ये, शंभरावं १६ मार्च २०१२ ला. तेही १४७ चेंडूंत ११४, आणि सामना बांगलादेशानं जिंकला! कसोटीत तर जानेवारी २०११ नंतर शतकच नाही. मुक्काम मात्र नोव्हेंबर २०१३ पर्यंत. गावसकर १९८७ साली शेवटच्या कसोटीत ९६ काढून मोकळा झाला. मी सचिनवर चिडायचो, पण ते धावांसाठी नव्हे हो! तो अडखळला, की वसईच्या पुलावर धापा टाकणारे आमचे गुडघेही कुरकुरायचे.