'ओ' रक्त कुणालाही चालते का?

सोलापुरात शुक्रवार पेठेतील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात रक्तगटांचा एक तक्ता आम्ही पाहिला. अक्षर सुबक, बाण लाल शाईचे. 'ओ'कडून चारही गटांकडे बाण निघालेले आणि वर शीर्षक, 'सर्वयोग्य दाता'. दोष मुलांचा नाही. वर्षानुवर्षे आपणच वर्गात हे सांगत आलो आहोत.

हा शब्दच आम्हाला खटकतो. 'ओ' गटाच्या तांबड्या पेशींवर ए व बी ही प्रतिजने नसतात, एवढे खरे. पण त्याच रक्ताच्या रक्तद्रवात या दोहोंविरुद्धची प्रतिपिंडे असतात. नुसता रक्तद्रव द्यायचा झाला तर सगळे बाण उलटे फिरतात, तिथे दाता 'एबी'! आर-एच घटकाचा तर तक्त्यात उल्लेखही नाही.

सर्वांत मोठी हरकत मुंबईहून येते. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी तिथे एक निराळाच गट नोंदवला. ए व बी प्रतिजने ज्या 'एच' पदार्थापासून घडतात, तोच या माणसांच्या पेशींवर नसतो. त्यामुळे नेहमीच्या तपासणीत त्यांचे रक्त 'ओ' भासते. परंतु त्यांच्या रक्तद्रवात एच-विरोधी प्रतिपिंडे असल्याने 'ओ' रक्त दिल्यास त्या पेशी फुटतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. त्यांना वाचवते ती जुळवणी, म्हणजे रुग्णाचा रक्तद्रव आणि दात्याच्या पेशी आधी नळीत एकत्र करून पाहणे. तक्त्यात तिला जागाच नव्हती.

नावांच्या घोटाळ्यालाही नव्हती. चुकीच्या गटाचे रक्त चढते ते बहुतेक वेळा चिठ्ठी किंवा रुग्ण ओळखण्यात गफलत झाल्यामुळे. सोलापुरातल्या एखाद्या वॉर्डात दोन व्यंकटेश किंवा दोन नरसय्या सहज निघतील! म्हणून पिशवीवरचा क्रमांक, गट आणि रुग्णाचे पूर्ण नाव खाटेपाशीच ताडून पाहायचे असते. पहिली पंधरा मिनिटे रुग्णावर नजर हवी. थंडी वाजली, ताप आला, कंबर दुखू लागली, तर रक्त ताबडतोब थांबवून डॉक्टरांना बोलवायचे. हे नातेवाइकांनाही ठाऊक असावे.

तक्ता करणाऱ्या मुलीला आम्ही मुंबई गटाची हकिकत सांगितली. "मग त्याच्याकडे बाण कुठून काढायचा?" तिने विचारले. त्याच्याच गटाकडून, आम्ही म्हणालो. तिने कोपऱ्यात एक वर्तुळ काढले आणि त्यातून निघून त्यातच परतणारा बाण.