‘बेकार’ कोणास म्हणावे? : श्रमविषयक कायद्यांच्या शब्दयोजनेचे परीक्षण

‘बेकार’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. ‘कार’ म्हणजे काम. ते ज्यापाशी नाही तो बेकार. परंतु मराठीत त्यास ‘निरुपयोगी’ असा दुसराही अर्थ आहे, आणि काम गेलेल्या मनुष्यास हे दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतात. म्हणून बेकारी भत्त्याचे मोल केवळ पैशांत होत नाही. काम नसणे हा त्या मनुष्याचा दोष नव्हे, अशी ती कायद्याची कबुलीही असते. ही कबुली कोणास मिळावी, हे मात्र व्याख्येवर अवलंबून राहते.

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, 1977 या दृष्टीने लक्षणीय आहे. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले व ते 15 दिवसांत मिळाले नाही, तर ती भत्त्यास पात्र ठरे. पूर्वीच्या नोकरीचा पुरावा लागत नसे. ‘मागूनही काम न मिळणे’ हीच बेकारी. प्रत्यक्षात भत्ता क्वचितच दिला गेला, हे खरे. तथापि तो दोष अंमलबजावणीचा, व्याख्येचा नव्हे.

कर्मचारी राज्य विम्याखाली 2018 साली सुरू झालेल्या भत्त्याची कल्पना याहून भिन्न आहे. तेथे बेकारी म्हणजे विमाधारकाची नोकरी सुटणे.

सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 हिने ‘गिग कामगार’ ही संज्ञा प्रथमच कायद्यात आणली, हे तिचे श्रेय. परंतु पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेर राहून कमावणारा, अशी त्याची व्याख्या नकारात्मक आहे. त्याच्यासाठी योजावयाच्या लाभांत अपघात, आरोग्य, प्रसूती, वार्धक्य यांचा नामनिर्देश आहे, बेकारीचा नाही. ‘अन्य लाभ’ एवढीच फट उरते. ज्यास नोकरीच नाही त्याची ती सुटणार कशी, हा तर्क यामागे दिसतो.

वस्तुतः पुण्याच्या चौकात फोन चालू ठेवून मागणीची वाट पाहणारा स्वार प्रतिक्षणी काम मागतच असतो. त्याचे थांबणे विश्रांती नव्हे. त्या वेळात मिळकत नाही आणि मनास स्वस्थताही नाही. तो मनात येईल तेव्हा काम नाकारू शकतो, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु त्याची हजेरी व त्याचे नकार कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेले असतात; रोजगार हमीच्या हजेरीपटात इतकी सूक्ष्म नोंद कधीच नव्हती. तेव्हा नवी व्याख्या शोधण्याचे कारण नाही. 1977 ची व्याख्या शहरातील या कामगारास लावणे, एवढेच पुरे आहे.