वाटी, वजन आणि प्रमाण

पानशेत म्हटले की पुणेकरांना १२ जुलै १९६१ आठवतो. धरण फुटले त्या दिवशी नारायण पेठेतले आमचे स्वयंपाकघर मुठेच्या पाण्याने धुऊन नेले. त्यात आईची कल्हईची वाटी गेली. ती तिच्या माहेरची, पानशेतकडची. त्या भाताच्या मुलखात चिपटे, मापटे, शेर, पायली यांनीच धान्य मोजीत. त्या वर्षीच्या दिवाळीत शेजारणीने दिलेल्या वाटीने आईने शंकरपाळी केली, आणि ती नेहमीसारखीच खुसखुशीत झाली. आम्हां मुलांना नवल वाटले. आई म्हणाली, "अरे, माप वाहून गेलं. प्रमाण कुठं जातंय?"

कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (१९७०) परवा पुन्हा चाळताना हे वाक्य आठवले. या पुस्तकात मापे वाटी-चमच्याची. कित्येक चिकित्सकांना हा अशास्त्रीयपणा वाटतो. आम्हांस तो पुस्तकाचा मोठा गुण वाटतो. शंकरपाळ्यांना दूध, तूप, साखर एकेक वाटी आणि मैदा मावेल तेवढा, असे म्हटले की वाटी लहान असो वा मोठी, नाते बदलत नाही. शिवाय काळही लक्षात घ्यावा. १९५६ च्या कायद्यानंतर, १९५८ पासून बाजारात किलो-ग्रॅम येऊ लागले. ऐंशी तोळ्यांचा जुना शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पण हा झाला वजनी शेर. मापी शेर निराळाच! या गोंधळात घरातली वाटी तेवढी बदलली नव्हती. लेखिकेने तीच हाती धरली.

तरीही कौतुकाच्या भरात वाटीचे दोष झाकू नयेत. २४० मिलिलिटरच्या वाटीत पाणी २४० ग्रॅम मावते, साखर सुमारे २००, तर मैदा अवघा सव्वाशेच्या आसपास. तोच मैदा दाबून भरला की दीडशेवर जातो. म्हणजे 'एक वाटी म्हणजे इतके ग्रॅम' असा सरसकट आकडा देता येत नाही. ज्याचे त्याचे वजन वेगळे. पिठाच्या बाबतीत तर हातागणिक वेगळे. तेथे तराजूच खरा.

आमची खरी तक्रार आहे ती हल्लीच्या अर्धवट पाककृतींविषयी. '२५० ग्रॅम मैदा आणि एक वाटी तूप', असे त्यांत सर्रास आढळते. ही वाटी कोणाची? दीडशे मिलिलिटरची असेल तर तूप सुमारे १३५ ग्रॅम, २४० ची असेल तर सुमारे २२०. एवढ्या फरकाने शंकरपाळी कढईतच विरतील, आणि दोष मात्र बिचाऱ्या सुनेच्या हाताला! येथे वाटीचे प्रमाणही उरले नाही आणि वजनाची अचूकताही आली नाही. पाककृती लिहावयाची तर सगळी वाटीने लिहावी, नाहीतर सगळी वजनाने. आणि रूपांतर करावयाचेच तर आपल्याच वाटीने एकेक जिन्नस भरून, एकदा तोलून, आकडे वहीत टिपून ठेवावेत.

परदेशी असलेल्या आमच्या मुलीने यंदा शंकरपाळ्यांचे ग्रॅम विचारले. आम्ही घरची वाटी घेऊन बसलो. दूध, तूप, साखर, मैदा, चारही वजने तिला लिहून पाठविली. खाली आजीचे वाक्यही लिहिले. चार आकड्यांपैकी एखादा हरवला, तर तेच तिच्या उपयोगी पडेल.