‘वाढविणे’ की ‘देणे’? : विद्युत मोटारींच्या ऐच्छिक त्वरणवाढीच्या परिभाषेची चिकित्सा

भाषांतराच्या अभ्यासपत्रिकेसाठी पदव्युत्तर वर्गास दिलेल्या उताऱ्यांत विजेवर चालणाऱ्या एका महागड्या मोटारीच्या माहितीपत्रकाचा एक परिच्छेद होता. मोटार विकत घेतल्यानंतर वेगळी रक्कम भरली असता तिचे ‘अ‍ॅक्सिलरेशन’ वाढवून मिळते, अशा आशयाचा तो मजकूर होता. वर्गातील बहुतेकांनी त्या योजनेस ‘वेगवर्धन’ असे नाव दिले. एका विद्यार्थिनीने मात्र ते नाव खोडून, कंपनी ‘मोटारीला अधिक जोराने धावू देते’ असे साधे वाक्य लिहिले. गुण देताना कोणास अधिक द्यावेत हा प्रश्न पडला, आणि तोच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. प्रश्न वरवर परिभाषेचा दिसत असला तरी त्यात ग्राहकाच्या संमतीचा, म्हणजेच आपण कशासाठी पैसे देतो हे त्यास कळण्याचा प्रश्न गुंतलेला आहे.

प्रथम ‘वेगवर्धन’ ह्या शब्दाचा विचार करू. शालेय पदार्थविज्ञानाने मराठीत ‘चाल’, ‘वेग’ आणि ‘त्वरण’ हे तीन शब्द स्पष्टपणे वेगळे केले आहेत. वेग बदलण्याचा दर म्हणजे त्वरण. २०१९ च्या डिसेंबरमध्ये टेस्ला कंपनीने ‘मॉडेल ३’ ह्या मोटारीच्या लांब पल्ल्याच्या, दोन मोटरींच्या प्रकारासाठी २,००० डॉलरांस जी ऐच्छिक त्वरणवाढ विक्रीस काढली, तिच्यामुळे थांबलेल्या स्थितीतून ताशी ६० मैलांचा वेग गाठण्याचा अवधी ४.४ सेकंदांवरून ३.९ सेकंदांवर येतो, असे कंपनीने घोषित केले. गाठावयाचा वेग दोन्ही वेळा तोच आहे. कमी झाला तो अवधी. सेकंदास सुमारे २६.८ मीटर ह्या वेगास त्या अवधींनी भागले, तर सरासरी त्वरण ६.१ वरून ६.९ मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद एवढे होते, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी वाढते. तेव्हा ‘वेगवर्धन’ हे नाव अचूक नव्हे. ते वाचून मोटारीचा कमाल वेग वाढतो असा समज होणे स्वाभाविक आहे, आणि विकली जाणारी वस्तू ती नाही.

परंतु ‘वेग’ काढून ‘त्वरण’ घातल्याने काम भागत नाही. अधिक गंभीर दोष उत्तरपदात, म्हणजे ‘वर्धना’त आहे. वाढविणे ह्या क्रियापदाने नव्हते ते निर्माण झाले असा बोध होतो. तो कोठे खरा आणि कोठे खोटा हे पाहण्यासाठी त्याच कंपनीचे आणखी जुने उदाहरण उपयोगी पडते. २०१५ साली तिने ‘लुडिक्रस’ ह्या थट्टेखोर नावाने एक सोय जाहीर केली. तीत विद्युत्प्रवाहाची मर्यादा १,३०० अँपिअरवरून १,५०० वर नेण्यासाठी नव्या रचनेचा फ्यूज आणि उष्णतेस टिकणाऱ्या इंकोनेल ह्या मिश्रधातूचा संपर्कघटक बसविला जात असे. ज्यांच्याकडे आधीची मोटार होती त्यांना हे भाग पैसे देऊन नंतर बसवून घेता येत. तेथे ‘वाढविणे’ हे क्रियापद यथार्थ होते, कारण मोटारीत काही भर पडत होती. २०१९ च्या योजनेत मात्र कोणताही सुटा भाग बसवावा लागत नाही. दूरसंदेशाने आज्ञावली बदलते आणि प्रवाहावरील मर्यादेचा आकडा वर सरकतो. मोटर तीच, विद्युत्घट तोच, तारा त्याच. जे सामर्थ्य आधीपासून होते त्याच्यावरील आडकाठी उचलली गेली, एवढेच घडले.

ह्या दोन व्यवहारांस एकच नाव देणे कितपत योग्य, हे ठरविण्यास मराठीच्या व्याकरणातच एक साधन सापडते. मोरो केशव दामले ह्यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) शक्य आणि प्रयोजक ह्या दोन्ही प्रकारच्या क्रियापदांची चर्चा केली आहे. ह्या दोन्ही प्रकारांत ‘व’ हा एकच प्रत्यय दिसतो. ‘आजीला आता चालवते’ ह्या वाक्यात तो सामर्थ्य दाखवितो. ‘आजी मोटार चालवते’ ह्या वाक्यात तोच प्रयोजन दाखवितो. क्रियारूप अक्षरशः एक. भेद आहे तो ‘आजीला’ आणि ‘आजी’ ह्या विभक्तिरूपांत. ज्याच्या ठायी सामर्थ्य आहे तो चतुर्थीत येतो, आणि जो दुसऱ्याकडून क्रिया करवितो तो प्रथमेत. ह्यांखेरीज मराठीत तिसरीही रचना आहे : ‘आजी नातवाला मोटार चालवू देते’. येथे सामर्थ्य नातवाचे, क्रिया नातवाची. आजीकडे आहे ती केवळ अनुज्ञा. सामर्थ्य, प्रयोजन आणि अनुज्ञा अशा तीन अर्थांसाठी आपल्या भाषेत रूपे सिद्ध असताना चौथेच क्रियापद, म्हणजे ‘वाढविणे’, वापरणे ही भाषेची गरज नसून विक्रीची गरज आहे.

हाच भेद पाणिनीय कारकविचाराच्या आधारेही मांडता येईल. पाणिनीने कर्त्याची ओळख त्याच्या स्वातंत्र्यावरून केली असून, त्या कर्त्यास प्रवृत्त करणाऱ्यास कर्ता ह्या संज्ञेबरोबरच हेतू ही संज्ञाही दिली आहे. मोटारीचा मालक पायाखालची कळ दाबतो तेव्हा तो कर्ता असतो ही आपली सहज समजूत आहे. पण त्या कळेचा अर्थ किती अँपिअर हे जर अन्यत्र ठरत असेल, तर त्याचे कर्तृत्व तेवढ्यापुरते परतंत्र झाले. २०१७ साली फ्लोरिडात इर्मा चक्रीवादळ येत असताना टेस्लाने तेथील काही मोटारींच्या विद्युत्घटांवरील आज्ञावलीची मर्यादा तात्पुरती उठविली, आणि लोकांना संकटप्रदेशातून अधिक दूर जाता आले. हे कृत्य निःसंशय चांगले होते. परंतु त्याने एक गोष्ट सर्वांस दाखवून दिली : त्या घटांत अधिक धारकता पहिल्या दिवसापासून होती, आणि विक्री पूर्ण झाल्यानंतरही ती देण्याचा व परत घेण्याचा अधिकार विक्रेत्याकडेच राहिला होता.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे न्याय्य रीतीने मांडले पाहिजे. पहिला मुद्दा उत्पादनाचा. एकाच घडणीची मोटर सर्वांसाठी बनविल्यास खर्च कमी होतो, आणि ज्यास अधिक जोर नको त्यास त्याची किंमत मोजावी लागत नाही. दुसरा मुद्दा यंत्राच्या आयुष्याचा. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह १३ टक्क्यांनी वाढविला तर उष्णता सुमारे २८ टक्क्यांनी वाढेल. हमीच्या काळात त्या झिजेचा भार कंपनीवर पडतो, तेव्हा तिने त्याचे मोल घेणे गैर म्हणता येणार नाही. हे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. आक्षेप आहे तो पैसे घेण्यावर नाही. ज्या क्रियापदाने ते मागितले जातात त्याच्यावर आहे. अनुज्ञेचे मोल ‘अनुज्ञेचे’ म्हणून मागावे.

आमच्या भागातील वाचकास हा भेद परका नाही. कवठे महांकाळ हा अवर्षणाचा तालुका. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून येथवर आणले ते विद्युत मोटरींच्याच बळावर. येथील द्राक्षबागाईतदारास मोटरीवरील पट्टीत कोरलेल्या अश्वशक्तीचा अर्थ पक्का ठाऊक असतो, कारण त्या आकड्यावर पैशाचे गणित अवलंबून असते. राज्य शासनाने २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना जाहीर केली, तेव्हा हा आकडा घरोघर चर्चेचा झाला. स्टार-डेल्टा स्टार्टर सुरुवातीचा प्रवाह एक-तृतीयांशावर का आणतो, हेही तो सांगू शकतो. मोटर जळू नये म्हणून घातलेली मर्यादा आणि दरपत्रकासाठी घातलेली मर्यादा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. फरक इतकाच की पंपाची मर्यादा पट्टीवर कोरलेली असते आणि तिचा नियम जाहीर असतो. मोटारीची मर्यादा आज्ञावलीत असते आणि तिचे कारण सांगितले जातेच असे नाही.

एका शब्दाखाली किती भिन्न व्यवहार दडतात ह्याची आणखी उदाहरणे पाहावीत. मर्सिडीझ-बेंझने २०२२ साली अमेरिकेत आपल्या ‘ईक्यूई’ आणि ‘ईक्यूएस’ मोटारींसाठी वर्षास १,२०० डॉलर आकारून त्वरणवाढ देऊ केली. ‘ईक्यूई ३५०’ मोटारीचा ६० मैलांचा अवधी तीमुळे ६.० वरून ५.१ सेकंदांवर येणार होता. फोक्सवॅगनने २०२५ साली ब्रिटनमध्ये ‘आयडी ३’ मोटारीची शक्ती १५० किलोवॅटवरून १७० वर नेण्यासाठी महिन्यास साडेसोळा पौंड अथवा एकदाच ६४९ पौंड असे पर्याय ठेवले. एकदाच पैसे भरल्यास ती शक्ती त्या मोटारीबरोबरच राहते, मोटार दुसऱ्यास विकली तरीही. पहिला व्यवहार भाड्याचा आहे, तर दुसऱ्यातील एकरकमी पर्याय खरेदीच्या जवळ जातो. दोहोंस ‘अपग्रेड’ म्हणणे म्हणजे खंडाने घेतलेल्या आणि खरेदीखताने घेतलेल्या शेतास एकच शब्द वापरण्यासारखे होय.

महाराष्ट्रात ह्या शब्दाने अद्याप निराळेच रूप धारण केलेले दिसते. पुण्याच्या परिसरात बनणाऱ्या दोन मोटारी घेऊ. टाटांच्या २०२५ च्या ‘हॅरियर ईव्ही’ मोटारीचा चारही चाकांना चालना देणारा प्रकार ‘बूस्ट’ स्थितीत ताशी १०० किलोमीटरचा वेग ६.३ सेकंदांत गाठतो, असे कंपनीने सांगितले आहे. येथील ‘बूस्ट’ मोटारीच्या किमतीतच आलेला असून तो केव्हा वापरावा हे चालक ठरवितो. महिंद्रांच्या चाकणच्या ‘बीई ६’ मोटारीत ५९ किलोवॅट-तासांच्या घटाबरोबर १७० किलोवॅट आणि ७९ च्या घटाबरोबर २१० किलोवॅट शक्ती मिळते. म्हणजे अधिक शक्तीबरोबर मोठा घट ही खरीखुरी वस्तूही मिळते. (ह्याच मोटारीचे मूळ नाव ‘बीई ६ई’ होते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये इंडिगो विमानकंपनीच्या चालकसंस्थेने त्यास न्यायालयात हरकत घेतल्यावर महिंद्रांनी ‘ई’ गाळून मोटार विक्रीस नेली. नावातील एका अक्षरासाठी कंपन्या न्यायालयाची पायरी चढतात; क्रियापदाच्या अर्थाविषयी ग्राहकाने तितके दक्ष राहिल्यास बिघडणार नाही.) १५ जुलै २०२५ रोजी टेस्लाने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात पहिले दालन उघडले, तेव्हा तेथे केवळ मागील चाकांना चालना देणारी ‘मॉडेल वाय’ ठेवली होती, दोन मोटरींच्या प्रकारासाठी असलेली त्वरणवाढ तीस लागू नव्हती. तेव्हा अनुज्ञेच्या विक्रीची भाषा मराठीत रूढ होण्यापूर्वीच तिची पारख करण्याची संधी आपणास आहे. तिचा लाभ आताच घेतला पाहिजे, कारण शब्द एकदा रुळला की त्याचा दोष कानास खटकेनासा होतो.

ह्यास्तव तीन अर्थांसाठी तीन शब्द सुचवितो. सुटा भाग अथवा मोठा घट मिळत असेल तेथे ‘भर’. मोटारीत असलेले सामर्थ्य पैसे घेऊन मोकळे केले जात असेल तेथे ‘मुभा’, आणि तिच्याबरोबर मुदतीचा उल्लेख : वार्षिक मुभा, मासिक मुभा, कायम मुभा. चालकाने स्वतः निवडावयाच्या स्थितीस ‘उचल’. ‘गाडी चांगली उचलते’ हा प्रयोग आपल्या चालकांच्या तोंडी आहेच. ‘उचल’ शब्दास आमच्या ऊसपट्ट्यात दुसराही अर्थ आहे : कारखान्याकडून मिळणारा उसाच्या दराचा पहिला हप्ता, अथवा तोडणी मजुराने हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम. त्यामुळे गोंधळ होईल असा आक्षेप संभवतो. पण संदर्भाने अर्थनिश्चय होतो हे भाषाशास्त्रातील जुनेच तत्त्व आहे, आणि कारखान्याची उचल व मोटारीची उचल एका वाक्यात येण्याचा प्रसंग विरळा.

ह्या सूचनेमागे केवळ शुद्धीचा आग्रह नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणाऱ्या जाहिरातीस दिशाभूल करणारी जाहिरात मानले आहे. आमचे काही विद्यार्थी उद्या अशा माहितीपत्रकांची, करारांची आणि पडद्यावर उमटणाऱ्या सूचनांची भाषांतरे करून उपजीविका करतील. मूळ मजकुरात ‘वाढते’ असेल तर भाषांतरकाराने ‘देतो’ लिहावे काय, हा त्यांच्यापुढील नैतिक प्रश्न आहे. माझे मत असे की भाषांतरकारास मूळ बदलण्याचा अधिकार नाही. परंतु दोन मराठी पर्याय समोर असताना अधिक खरा पर्याय निवडण्याचा अधिकार आहे, आणि ते त्याचे कर्तव्यही आहे. प्रत्येक वेळी त्याने तीन गोष्टी विचाराव्यात : मोटारीत नवीन काय आले? जे मिळाले ते कोणाच्या नावे आणि किती काळ? आणि ते परत घेण्याचा अधिकार कोणाकडे राहिला?

त्या विद्यार्थिनीस मी पूर्ण गुण दिले. तिचे वाक्य माहितीपत्रकास शोभणारे नव्हते. ते लांब होते आणि त्यात विक्रीचा उत्साह नव्हता. परंतु त्यात कर्ता कोण, सामर्थ्य कोणाचे आणि अनुज्ञा कोणाची हे तिन्ही जागच्या जागी होते. ‘वेगवर्धन’ लिहिणाऱ्यांना निम्मे गुण मिळाले. त्यांनी तक्रार केली असता, तुमच्या उत्तरात आणखी गुण दडलेले आहेत, वेगळे शुल्क भरल्यास ते मोकळे करता येतील, असे मी म्हणालो. त्यावर वर्ग हसला. विषय सर्वांस समजला असे मी धरून चाललो.