कुंपण, गाढव आणि न्यूट्रोफिल

वैद्यक आम्हाला कळतं असा आमचा दावा नाही. पण वाक्यं कळतात. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तपासण्याचाच पगार घेतला, त्यामुळे निवृत्तीनंतरही ती सवय सुटलेली नाही. रोगप्रतिकारक पेशींवरचे शोधनिबंध वाचताना एक क्रियापद आम्हाला सारखं भेटतं: 'ड्राइव्ह'. न्यूट्रोफिल फुप्फुसाची इजा 'ड्राइव्ह' करतात, मॅक्रोफेज मूत्रपिंडाची, टी पेशी सांध्यांची. मराठीत याचं काय करायचं? 'घडवून आणतात' म्हटलं तर तो पुऱ्या कारणाचा दावा झाला. 'हातभार लावतात' म्हटलं तर नुसता सहभाग. निष्कर्षात पहिला अर्थ घ्यायचा आणि कुणी हटकलं की दुसऱ्याच्या आड जायचं, अशी सोय हे क्रियापद करून देतं. आमची तक्रार या सोयीविषयी आहे.

या पेशींचं नशीबही पाहण्यासारखं आहे. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना इथे इल्या मेच्निकोव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे खुपसले. काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला. दाह म्हणजे शरीराचा बचाव, हा त्यांचा सिद्धान्त तिथून निघाला आणि १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं. आज त्याच जातीच्या पेशी आरोपीच्या पिंजऱ्यात आहेत. आपल्याकडचे व्याख्याते मग 'कुंपणच शेत खातं' ही म्हण काढतात. म्हण झकास आहे, पण तिच्यात निकाल आधीच लागलेला असतो. कुंपणाने खाल्लं हे सिद्ध कुणी केलं?

नैयायिकांकडे याची कसोटी आहे: अन्वय आणि व्यतिरेक. हे असेल तर ते असतं, हे नसेल तर ते नसतं. दोन्ही बाजू जमल्या तरच कारण. आणि नुसतं आधी हजर असणं पुरेसं नाही, हे सांगायला त्यांनी कुंभाराचं गाढव उभं केलं. गाढवाने माती वाहून आणली, मग घट झाला. पण गाढवावाचूनही घट होतात. म्हणून गाढव अन्यथासिद्ध.

आता एआरडीएस घ्या. कोविडमुळे हे नाव घराघरात पोचलं. फुप्फुसातल्या वायुकोशांत द्रव भरतो आणि प्राणवायू रक्तात उतरेनासा होतो. अशा रुग्णाचं फुप्फुस धुऊन ते पाणी तपासलं तर न्यूट्रोफिल ढिगाने सापडतात. अन्वय झाला. पण केमोथेरपीमुळे ज्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल जवळजवळ उरलेलेच नाहीत, अशांनाही एआरडीएस होतो. १९८०च्या दशकातच डॉक्टरांनी तशा नोंदी केल्या. व्यतिरेक फसला. मग न्यूट्रोफिल म्हणजे गाढव? तेही नाही. कारण अशाच काही रुग्णांत न्यूट्रोफिल परतू लागले की फुप्फुस आणखी बिघडल्याच्याही नोंदी आहेत. गाढव परत आलं म्हणून घट बिघडत नाही.

इथे आमच्या मते चूक कारणात नसून कार्यात आहे. गवत, अरणी आणि सूर्यकांत मणी, तिघांपासूनही अग्नी निघतो. मग अग्नीचं कारण कोणतं? नैयायिकांचं उत्तर असं, की गवताचा अग्नी वेगळ्या जातीचा, अरणीचा वेगळ्या जातीचा. आपण एकच नाव दिलं म्हणून वस्तू एक होत नाही. एआरडीएस हे १९६७ साली बारा रुग्णांच्या वर्णनातून पुढे आलेलं लक्षणसमूहाचं नाव आहे. २०१४ साली कॅरोलिन कॅल्फी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दोन जुन्या चाचण्यांची माहिती पुन्हा चाळली, तेव्हा या एका नावाखाली दोन गट निघाले: एकात दाह भडकलेला, दुसऱ्यात बेताचा. मृत्यूचं प्रमाण वेगळं, व्हेंटिलेटरच्या दाबाला मिळणारा प्रतिसादही वेगळा. शास्त्र मुक्कामाला पोचतंय. भाषा मात्र मागच्याच स्टेशनावर.

हा नुसता शब्दच्छल नाही. १९८५ साली बॉयट्लर, सेरामी प्रभृतींनी दाखवलं, की टीएनएफ या दाहक प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं उंदरांना आधी टोचली तर जिवाणूंच्या विषापासून त्यांचा बचाव होतो. लगेच टीएनएफ सेप्सिस 'घडवतो' असं ठरलं. नव्वदच्या दशकात माणसांवर मोठ्या चाचण्या झाल्या. अपेक्षित यश आलं नाही. यातला 'आधी' हा शब्द पुन्हा वाचा. उंदराला विष कधी मिळणार हे प्रयोग करणाऱ्याला ठाऊक असतं. माणूस दवाखान्यात येतो तो आग लागल्यावर. आणि तेच टीएनएफ अडवणारं औषध संधिवातात उपयोगी पडलं, रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांच्या लंडनमधल्या कामामुळे. प्रथिन तेच, सामग्री निराळी. (सामग्री म्हणजे कारणांचा पुरा मेळ. बाजारहाट नव्हे.)

काळाचा हाच मुद्दा २०२० साली ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने आकड्यांत मांडला. औषध डेक्सामेथासोन, दाह दाबणारं, जुनं आणि स्वस्त. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांत मात्र औषध न घेणारे १४ टक्के दगावले आणि घेणारे १७.८ टक्के. हा शेवटचा फरक निर्णायक म्हणण्याइतका नव्हता. पण फायद्याचा मागमूसही नव्हता. ज्या पेशींना आवरल्याने एक माणूस वाचला, त्याच पेशी दुसऱ्याच्या अंगात अजून विषाणूशी झुंजत होत्या.

आपल्याकडे यातलं काय पोचलं? 'कोविडमध्ये पेशीच माणसाला मारतात, म्हणून स्टिरॉइड.' २०२१च्या लाटेत ऑक्सिजनची पातळी उत्तम असताना, तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी या गोळ्या सुरू झालेल्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. साखर चढली, आणि मग म्युकरमायकोसिस. कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा. स्टिरॉइडने म्युकर 'घडवला' असं आम्ही म्हणणार नाही, नाहीतर आमचंच क्रियापद आमच्यावर उलटेल. मधुमेह, विषाणू, औषधाचा डोस आणि दिवस, सगळ्यांचा तो मेळ होता. पण त्या मेळातली एक वस्तू डॉक्टरच्या हातात होती, आणि ती एका अर्धवट वाक्याच्या भरवशावर दिली गेली.

एक चिठ्ठी आली आहे: 'सर, मग संशोधकांनी लिहावं तरी कसं?' लांब लिहावं. कोणत्या प्राण्यात, कोणत्या अवस्थेत, इजेच्या आधी की नंतर पेशी काढल्या, आणि काढल्यावर इजा थांबली की नुसती कमी झाली. हे सगळं निबंधाच्या पोटात असतंच. ते शीर्षकात आणा, एवढंच मागणं आहे. शीर्षक दोन ओळींचं होईल. होऊ द्या.